छेद कोणी पाडला?

मंडळी, बसा, बसा. माईक हातात घेतला खरा, पण बोलणं जमेल का, माहीत नाही. कुंदादीदीच्या फोटोकडे पाहून बोलावं तर रडू येते. तुमच्याकडे पाहून बोलावं तर संशय येतो. हसू नका. माझा स्वभावच तसा आहे, आपल्या मदन महाल मोहल्ल्यातल्या सगळ्या मराठी घरांना ठाऊक आहे.

मघापासून ऐकून राहिली मी. दीदी देवी होत्या, दीदी माय होत्या. अच्छा? मग "ही बाई लोकांच्या घरात काहून शिरते" असं कोण म्हणत होतं? मला तर पहिल्या दिवशी त्या सासूबाईंनी पाठवलेल्या हेरच वाटल्या.

माझी गौरी तान्ही होती. दूध पिता पिता दमायची, घामानं भिजायची. डॉक्टर म्हणाले, "दिल में छेद है." झालं! त्या एका शब्दानं आमच्या घराचं कोर्ट करून टाकलं. छेद आपोआप पडते का? कोणीतरी पाडला असेल. कशानं? सुईनं! सातव्या महिन्यात ग्रहण होतं आणि मी ह्यांच्या फॅक्टरीच्या शर्टाला बटन लावत बसली होती. सासूबाईंनी पाहिलं होतं. "तुह्या हातात सुई होती," त्या म्हणायच्या. एवढंच. रोज एवढंच.  आणि ह्यांनी तो शर्ट पुन्हा कधी अंगात घातला नाही.

कुंदादीदी हॉस्पिटलात हृदयाच्या वॉर्डात नर्स होत्या. घरोघरी जाऊन आईबापांना समजावून सांगा, असं त्यांना कोणी म्हटलं नव्हतं. आमच्याकडे आल्या, आणि सासूबाईंच्या समोरच मला विचारलं, "गरोदरपणी ताप आला होता? काही औषध घेतलं होतं?" मी मनात म्हटलं, चलो, ही पण तपासच करून राहिली.

सुईचं सासूबाईंनीच सांगून टाकलं.

"कितव्या महिन्यात, काकू?"

"सातव्या."

"बाळाच्या हृदयातली भिंत तर पहिल्या दोन महिन्यांतच बनते. इकडून तिकडून वाढत येते आणि मधात जुळते." दीदींनी दोन्ही हात जवळ आणले आणि मधात बोटभर जागा ठेवली. "गौरीची एवढी जुळायची राहिली. छेद नका म्हणू, काकू. छेद म्हटलं की पाडणारा शोधावा लागते."

सासूबाई कच्च्या नव्हत्या. "अन् ग्रहण दुसऱ्याच महिन्यात असतं तर?"

"तरी नाही. सुई शर्टात गेली, काकू. पोटात नाही गेली."

मग मी तोंड उघडलं. "दीदी, मग झालं काहून?"

"बहुतेक वेळा कारण सापडत नाही. तुझ्या गौरीचं मला माहीत नाही."

मंडळी, तोवर ज्याच्या त्याच्याकडे कारण तयार होतं. माहीत नाही म्हणणारं हे पहिलंच माणूस. तिथं माझा विश्वास बसला. थोडाच, पण बसला.

ऑपरेशन झालं, गौरी धडधाकट झाली. सासूबाई पुढे पाहुण्यांना भिंतीचंच सांगायच्या. मनातून सुई गेली होती का? मला शंका आहे.

आज मी उभी काहून राहिली, सांगते. गौरी इथंच बसली आहे. तिला पाचवा महिना आहे. पुढच्या आठवड्यात पोटातल्या बाळाच्या हृदयाची तपासणी आहे. बाळाच्या आईला होतं, म्हणून डॉक्टर आधीच पाहून घेतात. आणि आज, दीदीच्या शोकसभेत, चपला काढता काढता एक बाई माझ्या कानाला लागली. "ग्रहणात सांभाळलं ना पोरीनं?"

ती बाई याच हॉलमध्ये आहे. नाव नाही घेत. तिलाही माहीत आहे, मलाही.

दीदी असत्या तर मी त्यांना तिच्या शेजारी बसवलं असतं. आता कोणाला बसवू? सांगा ना.

रिपोर्ट चांगला येवो, देवाजवळ दुसरं काही मागत नाही मी. पण नाही आला, तर? माझ्या लेकीला काही विचारायचंच असेल, तर जेवलीस का, एवढं विचारा. पुढचा एक शब्द नाही.

चला, दीदीसाठी उभे राहू या. दोन मिनिटं शांत. सगळ्यांनी डोळे मिटा. माझ्या पोरीच्या पोटाकडे कोणी पाहायचं नाही. मी डोळे उघडे ठेवून उभी आहे.