निरोप्याच्या खिशात काय होतं?

…नाही, मला सांगा, अडुसष्टाव्या वर्षी माणसाने पाण्यात तोंड घालून बुडबुडे का काढावेत? आणि वर ती पोहण्याची मास्तरीण काठावर उकिडवी बसून ओरडतेय, "सर, नाकाने नाही, तोंडाने! सर, विचार नका करू, बुडबुडे करा!" विचार नका करू! चाळीस वर्षं तर्कशास्त्र शिकवलेल्या माणसाला सांगतेय, विचार नका करू! तुम्हाला सांगतो, दोन डॉक्टरेट आहेत माझ्याकडे. दुसरी का केली, तर पहिली बरोबर आहे की नाही याची खात्री वाटेना म्हणून. आणि आता दुसरीबद्दलही… जाऊ द्या.

काय सांगत होतो? हां, मॉडर्न पेंटॅथलॉन. नाव घेतानाच दम लागतो हो! पुढचं पुढे. मी काही खेळायला म्हणून गेलो नव्हतो तिथे. मी गेलो होतो तलावावर बायकोचा विसरलेला टॉवेल आणायला. टॉवेल सापडेना, म्हणून फळा वाचत उभा राहिलो. फळ्यावर लिहिलेलं : तलवार, पोहणे, घोडा, पिस्तूल, धावणे. पाच खेळ, एक दिवस. वयाची अट नाही. आता मी असा माणूस की औषधाच्या खोक्यातला कागदसुद्धा शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो आणि मग औषध घ्यायला घाबरतो. माझ्या डोक्यात आलं, हेच पाच का? पोहणं आणि धावणं समजलं, पण मधे घोडा कुठून आला? आणि तलवार आहे तर पिस्तूल कशाला?

घरी आलो, टॉवेल न घेता, आणि वाचायला बसलो. तर म्हणे एक लष्करी निरोप्या होता. शत्रूच्या मुलखात सापडला. मिळेल त्या अनोळखी घोड्यावर बसला, तलवारीने लढला, पिस्तूल झाडलं, नदी पोहून गेला, उरलेलं अंतर पळाला, आणि निरोप पोहोचवला. त्यावरून म्हणे हे पाच खेळ. वा! सगळं ठीक. पण निरोप काय होता? कुठेच नाही! पुस्तकं पालथी घातली. तलवार किती लांब ते आहे, पिस्तूल किती जड ते आहे, तलावात पाणी किती खोल ते आहे. अहो, ज्याच्यासाठी तो बिचारा एवढा पळाला, ते कोणालाच लिहून ठेवावंसं वाटलं नाही?

बायकोला म्हटलं, "मी नाव देऊन बघू का? केवळ कुतूहल गं."

ती म्हणाली, "अहो, तुम्ही जिना उतरताना कठडा धरता, तोही दोन्ही हातांनी. आणि घोडा?"

"कुतूहल!"

"हो का? आणि घोडे कोणाच्या तबेल्यातले आहेत, तेही कुतूहलच का?"

इथे जरा थांबावं लागेल. म्हणजे सांगायचं नव्हतं, पण न सांगता पुढे जाता येत नाही.

आमची मुलगी. एकुलती. विमा कंपनीत आकडेमोड करायची, चांगली गुबगुबीत खुर्ची होती. चार वर्षांपूर्वी एका संध्याकाळी आली, चपलासुद्धा काढल्या नाहीत, दारातूनच म्हणाली, "बाबा, नोकरी सोडून तबेला चालवायला घेऊ का?" प्रश्न सरळ होता. उत्तर हो किंवा नाही. मी म्हटलं, आठवड्याने सांगतो. आणि आठवड्याने तिच्या हातात काय ठेवलं असेल? चौदा पानी टिपण! तळटिपांसकट! फायदे सहा, तोटे एकवीस, आणि शेवटी ठळक अक्षरांत निष्कर्ष : "निश्चित असे काही सांगता येत नाही." तिने ते उभ्याउभ्या वाचलं, घडी घातली, "थँक यू बाबा" म्हणाली, आणि गेली. आठ दिवसांत नोकरी सोडली.

भांडण नाही हो! भांडण असतं तर मिटवता तरी आलं असतं. येते, जेवते, आईशी तासभर बोलते. मला विचारते ते एकच, "गोळी घेतलीत का?" पण "बाबा, असं करू का?" हे तेव्हापासून बंद. आणि तबेला? उत्तम चाललाय! सगळे सांगतात. घरापासून चालत दहा मिनिटं. मी पाऊल ठेवलेलं नाही. कारण जाऊन म्हणू काय? चौदा पानं लिहिलेला माणूस "सहज आलो होतो" म्हणून कसा जाईल? काहीतरी निमित्त नको का?

स्पर्धेचे चिटणीस म्हणाले, "सर, मोठ्या स्पर्धांमधून आता घोडा गेला, त्याच्या जागी अडथळे आले. आपल्याकडेही घोड्याचं हे शेवटचं वर्ष. यायचं तर आत्ताच." मी ताबडतोब नाव दिलं. ताबडतोब म्हणजे अकरा दिवसांनी, पण दिलं.

माझ्या वयोगटात स्पर्धक किती? दोन. मी, आणि एक निवृत्त दातांचे डॉक्टर. तलवारीचे मास्तर आम्हा दोघांना समोरासमोर उभं करतात. तोंडावर ती जाळी, अंगात पांढरा जाड कोट, आरशात पाहिलं तर मधमाश्या पाळणारा वाटतो मी. मास्तर म्हणाले, "एकच टोच. ज्याने पहिली मारली तो जिंकला. वेळ एक मिनिट." आम्ही उभे. डॉक्टर माझ्याकडे बघतायत, मी त्यांच्याकडे. मी म्हणतोय, यांनी पुढे यावं म्हणजे यांचा हेतू कळेल. तेही बहुधा तेच म्हणत होते. अधूनमधून जाळीतून सवयीने पुटपुटत होते, "दुखणार नाही हं, अजिबात दुखणार नाही." पण टोचत नव्हते! मिनिट संपलं.

"बरोबरी?" मी विचारलं.

"नाही सर. मिनिटात कोणीच टोचलं नाही तर दोघंही हरले."

"दोघंही?"

"दोघंही. नियम आहे."

तुम्हाला सांगतो, मी तिथेच बाकावर बसलो. चाळीस वर्षं मी पोरांना शिकवलं, पुरावा अपुरा असेल तर निर्णय राखून ठेवा. आणि इथे निर्णय राखून ठेवला की हरलात! तुम्ही तर हरलातच, पण समोरच्या माणसालाही हरवलंत! त्या दिवशी घरी जाताना मी दोनदा चुकीच्या गल्लीत वळलो.

दुसऱ्या दिवशी मास्तरांना गाठलं. म्हटलं, "तुम्ही इतकी वर्षं शिकवताय. निरोप काय होता?"

"कसला निरोप?"

"अहो, ज्याच्यासाठी ही तलवार…"

"सर, कोपर खाली."

पोहण्याच्या मास्तरणीला विचारलं, निरोप काय होता? "सर, तोंड पाण्यात!" पिस्तूलवाल्यांना विचारलं. त्या पिस्तुलातून गोळी नाही निघत, नुसता उजेड निघतो, पळत यायचं आणि पाच नेम साधायचे. सगळ्यांचे हात पळून आल्यावर थरथरतात. माझे न पळताही थरथरतात, त्यामुळे मला सराव दांडगा. तेवढी एकच जमेची बाजू. त्यांनी मात्र विचार केला हो. डोकं खाजवलं आणि म्हणाले, "मदत पाठवा, असं असेल." असेल! पण खात्री?

आणि घोडा? घोडा शिकायला मी कुठे गेलो, विचारा ना. दहा मिनिटांवर लेकीचा तबेला, आणि मी बस पकडून दीड तासावर दुसऱ्याच तबेल्यात! तिथला घोडेवाला दर खेपेला म्हणायचा, "आजोबा, एवढ्या लांब कशाला येता? तुमच्या घराजवळ एक पोरगी तबेला चालवते. फार चांगली आहे. घोड्याला तिचा आवाज कळतो."

मी म्हणायचो, "ऐकून आहे."

तेव्हा ठरवलं. निरोप्या निरोप घेऊन जातो ना? मग मीही नेणार, लेकीकडे. लिहायला बसलो. पहिला खर्डा नऊ पानं. बायकोने लांबूनच पाहिलं आणि म्हणाली, "तिला तबेला चालवायचाय, परीक्षेला बसायचं नाहीये." मग चार पानं. मग एक. शेवटी एकच ओळ उरली : तुझं बरोबर होतं. आणि एक तळटीप. तळटीप नाही काढवली हो!

आता तुम्ही म्हणाल, लखोट्यात घालून देऊन टाकायचा. नाही! मूळचा निरोप्या पहिल्यापासून शेवटपर्यंत निरोप अंगावर बाळगून होता. प्रयोग करायचा तर काटेकोर. म्हणून कागदाची घडी केली आणि पोहण्याच्या चड्डीला आत एक चोरखिसा असतो ना, त्यात घातली. दोन डॉक्टरेट! पोहणं दुसऱ्या क्रमांकावर आहे आणि घोडा तिसऱ्या, हे मला पाठ होतं. कागद पाण्यात भिजतो, हेही मला, तुम्हाला सांगतो, साधारणपणे माहीत होतं. पण या दोन गोष्टी एकमेकींना माझ्या डोक्यात भेटल्याच नाहीत!

स्पर्धेचा दिवस. तलवार. डॉक्टर आणि मी. एक मिनिट. दोघंही हरलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या, का ते अजून कळलेलं नाही. मग पोहणं. डॉक्टर पुढे, मी मागे बुडबुडे काढत. मास्तरीण काठाकाठाने पळतेय, "सर, विचार नका करू!" बाहेर आलो, कपडे बदलले, चोरखिशात बोटं घातली… आणि हातात आला लगदा. पांढराशुभ्र. लाडवासारखा. शाई धुऊन गेलेली, ओळ गेली, तळटीपसुद्धा गेली. तो तसाच विजारीच्या खिशात कोंबला आणि लेकीच्या तबेल्याकडे निघालो. चार वर्षांत पहिल्यांदा.

घोडा चिठ्ठीने मिळतो. ओळख नाही, पाळख नाही, वीस मिनिटं देतात, त्यात त्याच्याशी जमवून घ्यायचं. मी चिठ्ठी उचलली. चिटणिसांनी वाचली, "प्रोफेसर." मला वाटलं, मला हाक मारतायत. म्हटलं, "हो, आलोय." पोरं फिस्सकन हसली. आणि आमची लेक एका करड्या, जाडजूड, विचारी चेहऱ्याच्या घोड्याला धरून समोर उभी. बुटांना चिखल, केसांत गवताची काडी.

"बाबा, हा तुमचा."

"याचं नाव प्रोफेसर का ठेवलंस?"

"आडवा दांडा आला की हा थांबतो. वास घेतो. डावीकडून बघतो, उजवीकडून बघतो. मग ठरवतो."

मी म्हटलं, "मग काढून का नाही टाकलास?"

तिने त्याच्या मानेवरून हात फिरवला. म्हणाली, "आजवर कोणाला पाडलं नाही त्याने, बाबा."

  वीस मिनिटांतली सात गेलेली. आणि डोक्यात एकच चाललेलं, कोणीच टोचलं नाही तर दोघंही हरले, दोघंही हरले… खिशात हात घातला आणि तो लगदा तिच्यापुढे धरला.

"हे काय, बाबा?"

"निरोप आहे."

तिने लगदा हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला. मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "काय होता निरोप?"

कळलं का तुम्हाला? मी जगाला विचारत हिंडत होतो, आणि तिने तेच मला विचारलं! चार वर्षांतला तिचा पहिला खरा प्रश्न! गोळी सोडून!

मी घोड्याच्या मानेकडे बघत म्हणालो, "तुझं बरोबर होतं. त्याच दिवशी, दारातच, हो म्हणायला हवं होतं मी."

घोड्याने कान हलवला. ती खोगिराचा पट्टा ओढत होती. ओढतच राहिली जराशी. मग म्हणाली, "माहीत होतं हो, बाबा. आईने कधीच सांगितलं. एवढ्यासाठी पाच खेळ? फोन करायचा की! …चढा आता. टाचा खाली. आणि लगाम असा छातीशी कवटाळून धरू नका, तो पुस्तक नाहीये."

पुढचं काय सांगू? गुडघ्याएवढे पाच दांडे. पहिल्यापाशी प्रोफेसर थांबला. वास घेतला. डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. मीही पाहिलं. आमचं एकमत व्हायला वेळ लागला, पण झालं. पाचही दांडे पार केले, आणि तुम्हाला सांगतो, पाडलं नाही त्याने मला! मग पळणं, पिस्तूल, पळणं. डॉक्टर पहिले, मी शेवटून पहिला. शेवटच्या रेषेपाशी बायको उभी होती, तो हरवलेला टॉवेल घेऊन. तिच्याच पिशवीत होता म्हणे.

तर आता त्या निरोप्याबद्दल माझं कुतूहल बरंचसं फिटलंय. निरोप काय होता, देव जाणे. पण घोडा, तलवार, नदी, सगळं करून धापा टाकत पोहोचला, तेव्हा समोरचा माणूस काय म्हणाला असेल ते मला ठाऊक आहे. "माहीत होतं हो. आधी अंग पुसा."

आणि परवा तिचा फोन आला. "बाबा, प्रोफेसरला आता झेपत नाही. अजून एक घोडा घेऊ का?"

"हो!" म्हणालो मी. लगेच! घड्याळ लावून बघा, मिनिटाच्या आत! बायकोच्या हातातला चमचा पडला.

तेव्हापासून जिवाला चैन नाही हो. घोड्याचं वय काय, दात कोणी पाहिले, दोन घोड्यांचं आपसात पटलं नाही तर? टिपण लिहायला घेतलंय. तेरावं पान चालू आहे, तळटिपा वेगळ्या. पण तुम्ही अजिबात काळजी करू नका… रोज सकाळी पोहायला जाताना मी ते चोरखिशात घालूनच जातो.