रामकुंडात उड्या मारलेला बाप

आमच्या बापाची अक्कल सांगतो, ऐका. बस्तरला चित्रकोटचा धबधबा बघायला होडीत बसलो. नावाड्यानं सगळ्यांना लाइफ जॅकेट दिलं, पप्पांनी परत केलं.

"हम नाशिकवाले है! पूर में रामकुंड में कूदे है!"

मी इंजिनिअरिंग सोडल्यापासून हा माणूस मला रोज शिस्त शिकवतो. इथं त्याच्यापायी भरलेली होडी काठालाच अडकली.

"घाला ना हो, लोक खोळंबलेत," आई पुटपुटली. पप्पा ढिम्म.

नावाडी माझ्याच वयाचा. त्यानं वल्ही खाली ठेवली, आवाज नाही चढवला. "चाचा, मैं इसी पानी में बड़ा हुआ. मैंने भी पहना है."

पप्पांनी गुपचूप जॅकेट चढवलं. मग त्या पठ्ठ्यानं होडी पार धबधब्यापाशी नेली. कान फुटतील असा गडगडाट, पाण्याचा मारा, आणि त्याचे हात एकदम शांत. पप्पा डोळे मिटून माझा दंड आवळत होते.

उतरल्यावर पप्पांनी विचारलं, "कितना पढ़ा है रे?"

"सातवीं. फिर छोड़ दिया."

आता भाषण येणार म्हणून मी तयारच होतो. पण पप्पांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास!"

तीन वर्षं मी त्या शब्दाची वाट बघतोय, आणि मिळाला कुणाला? दुसऱ्याच ड्रॉपआउटला. पण खरं सांगू? हक्क त्याचाच होता.