वैजयंताची कॅसेट

ऐका रं पोरांनो, ते मोबाइल खिशात घाला. आन् वैजे, तूबी ऐक. तुझ्या लग्नाची कॅसेट ह्या शिदूतात्यानं, म्हंजी मी, घालवली म्हणून तीस वर्सं शिव्या घालतीयास. आज सांगतो.

तवा मी व्हिडिओ शूटिंग करायचो. खांद्यावर ह्यो एवढा कॅमेरा! वैजीची पाठवणी घेतली, जेवलो, आन् अंधारात चिंचखिंडीनं एकटाच निघालो. सगळी म्हणत होती, तात्या, फाट्यावरनं जावा. ऐकतोय कुठला!

खिंडीत मधोमध बाई. हिरवा शालू, कपाळाला मुंडावळ्या.

"दादा, माझं लगीन व्हायचं राहिलं. माझंबी शूटिंग काढा की."

पाचावर धारण बसली माझी! पण धंद्यातली चलाखी सांगतो. लग्नात कुणी लईच मागं लागलं, की आम्ही कॅमेरा नुसता रोखायचो. बटण दाबायचोच न्हाई. मानूसबी खूश, कॅसेटबी वाचली. तसंच केलं.

बाई हसली. "दादा, लाल दिवा न्हाई लागला."

आई गं! शूटिंग चालू झालं की कॅमेऱ्यावर लाल दिवा लागतो, ते तिला ठावं! दहा पावलांवरनं तिनं हात पुढं केला. हात लांब झाला... आणखी लांब... आन् तिनंच बटण दाबलं. दिवा लागला. बाई गायब! मी पळालो. चपला अजून तिथंच असत्याल.

पहाटे घरी एडिटिंगला बसलो. कॅसेट लावली. हळदीच्या बाया गात्यात, आन् मागच्या रांगेत हिरवा शालू! अरं, हळद मीच शूट केलेली, तिथं ही नव्हतीच की! मंगलाष्टकांत बघतो, तर वैजीच्या पाठीशी उभी. पाठवणीत तर जीपमधी, वैजीला खेटून. हात वैजीच्या गळ्याकडं सरकत होता. माझ्या डोळ्यांदेखत! बंद केलं, थांबंना. वायर उपटली, तरी टीव्ही चालूच!

लगीन एकदाच होतं, दुसरी कॅसेट कुठनं आणायची? पण पोरगी तरी दुसरी कुठनं आणायची? मशीन फोडलं, कॅसेट उपसली, पेटत्या चुलीत घातली. फीत जळाली तवा टीव्ही इझला.

पटंना व्हय, वैजे? अगं, अशी का बघतीस?

"तात्या... पहिल्या राती सासरी माझ्या उशाशी हिरव्या शालूतली बाई आली. म्हणली, मी तुझी पाठराखीण, मागनं आले. मला खरंच वाटलं. पहाटे जाग आली ती गळा आवळल्यामुळं. तिचाच हात! मग कायतरी जळल्याचा वास आला, आन् हात सुटला. बघते तर अंथरूण मोकळं. सासरी कुणाला सांगणार, तात्या?"

ऐकलंत? अरं देवा! तीस वर्सं मला वाटायचं, भास झाला आसंल, उगीच पोरीची कॅसेट जाळली.

वैजे, सरक, हितं माझ्याजवळ बस. आन् तुम्ही रं, उठा आता. चिंचखिंडीच्या वाटंला जायचं न्हाई. लांब पडलं तरी फाट्यावरनंच जायचं. आन् वाटंत कुणी म्हणलं, माझं शूटिंग काढा, तर मोबाइल खिशातनं काढू नका.