धुक्याच्या फाइली

विषय : चालू न होणारा लॅपटॉप, आतील फोटो न गमावता दुरुस्त करून मिळणेबाबत.

उपरोक्त विषयाबाबत सांगतो, चहा घेता घेता ऐका. सूस गावच्या भाच्याने फोनवरच निकाल दिला, "मामा, फॉरमॅट मारा." आत बायकोच्या शेवटच्या हिवाळ्यातले, मुळशी धरणाकाठचे फोटो होते. दुसरी प्रत नव्हती. तहसील कचेरीतल्या नोकरीभर मी लोकांना प्रत्येक अर्ज दोन प्रतींत आणायला लावला.

पौडला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या सोपानला म्हटलं, "फोटोंना धक्का लागणार नाही, असं आधी लिहून दे."

"काका, लॅपटॉप हाय का सातबारा?"

पण गडी जपून काम करणारा. त्याने आतली डिस्क काढली, आपल्या कॉम्प्युटरला जोडली आणि आधी सगळ्याची नक्कल घेतली. मग एकेक फोटो उघडताना त्याचा चेहरा पडला.

"काका, फाइली गेल्या वाटतं. समदं पांढरंच हाय."

"ते धुकं आहे. धरणावरचं."

"आन् ह्यो करडा ठिपका?"

"ती आमची ही."

त्याने तो ठिपका मोठा करून पाहिला. मी खुर्ची पुढे ओढली.

"यातलं धुकं तेवढं कमी करून दे," मी म्हणालो.

"व्हतंय की. पर धुक्यासंगं काकूबी जातील."

नवी डिस्क घातल्यावर लॅपटॉप फोटोंसकट चालू झाला. धुके कमी करण्याचा माझा अर्ज सोपानकडे अद्याप प्रलंबित आहे. मी स्मरणपत्र पाठवलेले नाही.