मागचं टोक

…नाही मिस्त्रीभाऊ, पाना खाली ठेवा आधी. चहा घ्या. राजूरहून सायकल मारत आलात, दम तर खा — घाई कायची आहे? तुम्ही बनवून आणलेली कपलिंग चांगलीच आहे, मी कुठं नाही म्हणतो — पण नदीत नाव चालून राह्यली ना? उलटी चालते, कबूल. पण चालते. तुम्हाले बोलावलं पंचायतीनं, मी नाही बोलावलं. मुंबईच्या गोदीत चार वर्षं मी हेच शिकलो — यंत्राले पुढंमागं काही नसते, ते माणूस ठरवते.

हे पाहा, हा गिअरबॉक्सचा शाफ्ट, त्याच्यावर हे उभे दाते. पुढं जाताना कपलिंग दात्याच्या या अंगाले जोर लावते — ते अंग झिजून सुरीसारखं झालं, म्हणून कपलिंग घसरते, इंजन बोंबलते आणि नाव जागच्या जागी. उलट्या गिअरात जोर पडते त्या अंगाले — ते अजून कोरं आहे. म्हणून नाव मागच्या टोकानं चालते. शास्त्र आहे, जादू नाही. — हो हो, तुम्हाले माहीत आहे. गावाले समजावता समजावता सवय लागली. — पुन्हा उचलला पाना? बरं, एक बोल्ट सैल करून पाहा. एकच.

आता ऐका, मी काहून थांबवून राह्यलो ते. माझ्या बापाच्या वेळी, उकंडाच्या वेळी, आमच्या लोकांनी या नावेत पाय ठेवायचा नाही. वर्धा नदी पार करायची तर छातीभर पाण्यातून, डोक्यावर गाठोडं. मग आम्ही दीक्षा घेतली, मी मुंबईहून हे जुनं इंजन आणलं, पंचायतीच्या नावेले बसवलं आणि घाटावर उभं राहून सांगितलं — जो येईल तो बसेल, मन होईल तिथं बसेल. भाषण झालं. लोक आले, बसलेही. पंजाबराव पाटील पुढच्या टोकाले, गादी टाकून. आणि माझी आई, कांताबाई — मागच्या टोकाले, इंजनाच्या धुरात. म्हटलं, आई, पुढं जागा आहे. तर म्हणे, "मले धूर गोड लागते." सालभर तिनं धूर खाल्ला, मिस्त्रीभाऊ.

आणि मागच्या सोमवारी भर धारेत हे दाते गेले. नाव थांबली, लोक मले शिव्या देऊन राह्यले, मी सहज उलटा गिअर टाकला — आणि निघाली! मागचं टोक पुढं. पलीकडच्या घाटाले पहिला पाय लागला तो माझ्या आईचा. पाटील शेवटी आले, गादीवर बसून, ज्या गावाहून निघाले त्याच गावाकडं तोंड करून. मले वाटलं, झालं. जे भाषणानं झालं नाही ते झिजलेल्या दात्यानं केलं.

मग? मग मंगळवार आला. सगळे आपापल्या जागी बसले, नाव उलटी सुटली, आणि पाटील गादी घेऊन उठले — इकडं, इंजनाकडं यायले. आई गाठोडं घेऊन उठली — तिकडं जायले. त्यांच्यामागं त्यांचे लोक, हिच्यामागं आमचे. मधात एक बकरी. नाव डुलते, पाणी आत येते, मी ओरडून राह्यलो — आणि तेवढ्या गर्दीत कोणाचा कोणाले धक्का लागला नाही. एक पदर नाही, एक धोतर नाही. अशी कसरत मी मुंबईच्या सर्कशीतही पाहिली नाही. आई मलेच म्हणे, "बाबू, आपली जागा मांगं हाये. मांगं कुठं गेलं ते आधी सांगत जाय." तेव्हापासून रोज विचारते — आज मांगं कोणतं? आणि मी सांगतो. सांगावंच लागते. खोटं बोलणार नाही अशी प्रतिज्ञा घेतली आहे, लाखो माणसांत उभं राहून.

पण उलटी राहू द्या, असं मन म्हणते. एखाद्या दिवशी तिले मांगं शोधायचा कंटाळा येईल, बसेल पुढं — हे काय? बसवली? मी बोलत होतो आणि तुम्ही चारही बोल्ट — अशी कशी पकडली? हां, तुमची कपलिंग दोन बोटं लांब आहे. दात्यांच्या मागच्या, कोऱ्या भागापर्यंत पोचली. त्याच्यावर आजवर जोरच पडला नव्हता, म्हणून तो धड राह्यला. वा. म्हणजे आता नाव सरळ जाईल. पाटील पुढं, आई धुरात.

त्या पाहा, उतरून राह्यल्या दोन्ही पार्ट्या घाटावरून. पाटलाचा गडी गादी घेऊन इकडंच येऊन राह्यला, इंजनाकडं. त्यांले अजून माहीत नाही. कोणालेच माहीत नाही. फक्त तुम्हाले आणि मले.

आई आली. आता विचारते पाहा.

— हो आई, आजही उलटीच. मांगं तिकडं हाये, त्या टोकाले. जाय, बस. नाही, अजून थोडी तिकडं सरक — पार टोकाले.

माझ्याकडं पाहू नका, मिस्त्रीभाऊ. हँडल मारा. आणि पलीकडच्या घाटापर्यंत एक शब्द नाही.