हलका कॅमेरा

कॅमेरा निवडणं काय ताप असतो ते मला विचारा. फोटोचा नाही, प्रयोगशाळेतला. अगदी मंद उजेडातले रंग वेगवेगळे टिपतो तो. महाडला आमच्या कॉलेजात तसा एक घ्यायचा होता आणि निवड माझ्या गळ्यात पडली. माहितीपत्रकं वाचून वाचून मी पुरता गोंधळलो. एक जास्त संवेदनशील, तर दुसरा जास्त थंड राहणारा.

शेवटी कंपनीचा माणूस दोन्ही घेऊन आला. तो तासभर बोलला आणि मला जे कळलं होतं तेही कळेनासं झालं. आमच्या विभागप्रमुख मोरे मॅडमनी एवढंच विचारलं, "यातला हलका कुठला?"

"मॅडम, हा एकदा बसवला की हलवायचा नसतो."

"आमच्याकडे हलवायचा असतो. आमची अंधारी खोली तळमजल्यावर आहे."

तो माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे. मी पोलादपूरचा, डोंगरातला. मलाही काही उमगेना. मॅडमनी एक कॅमेरा एका हातात उचलला आणि सरळ जिना चढून वर गेल्या. परत येऊन दुसरा उचलला, तो अर्ध्या जिन्यातच खाली ठेवला.

"पहिला घ्या."

"पण मॅडम, दोन हातांनी दुसराही जाईल की वर!" कंपनीचा माणूस म्हणाला.

"पूर आला की लाइट जाते. दुसऱ्या हातात टॉर्च असतो."

मी हळूच विचारलं, "मॅडम, आपला आधीचा कॅमेरा कसा होता हो?"

"फार चांगला होता," मॅडम म्हणाल्या. "दोन हातांचा होता."