घट्ट बाही

बसथांब्यावर शेजारी बसलेल्या दोघी बहिणींचं बोलणं एका नर्सच्या कानावर पडत होतं.

“ताई, तुझ्या जाऊबाईंचा झगा झाला शिवून?”

“झाला. बाह्या मुद्दाम घट्ट ठेवल्यात. लेकाच्या लग्नात हात वर करून दाखव म्हणावं!”

“बरी खोड मोडलीस! चारचौघांत तुला चोर म्हणाली ती.”

“बरी कसली? सकाळी प्रार्थनेला हात जोडले, तर तिचेच अवघडलेले हात डोळ्यांसमोर. येशूला काय तोंड दाखवू? झगा पिशवीतच आहे, आत्ता बाह्या उसवते. शिवणीत जास्तीचं कापड आहे, सैल करते.”

“इथे? रस्त्यावर?”

“तिच्या दारात पोचले की पुन्हा डोकं फिरेल माझं. कात्री दे.”

“ताई, बस आली!”

“जाऊ दे. हे टोक धर.”

धाकटी हाताची घडी घालून बसून राहिली.

नर्सलाही त्याच बसने जायचं होतं. तिने बाहीचं टोक धरलं.